मागच्या रांगेतली कुजबुज

दोन-अडीच महिन्यांपूर्वीची गोष्ट. रविवार संध्याकाळचा खेळ. बऱ्याच आठवड्यांनी ड्यूटी नव्हती, म्हणून बायकोबरोबर एक मराठी चित्रपट बघायला मल्टिप्लेक्समध्ये गेलो होतो. पुढच्या रांगेत दोन तरुण, दोघांच्याही हातात मोबाइल. डावीकडे काहीतरी कुरकुरीत खाणारे गृहस्थ. आणि मागे सतत कुजबुज. पडद्यावर कोणी बोलले की दोन सेकंदांनी मागून फुसफुस सुरू. अर्धा तास सहन केले. मग मागे वळलो आणि वॉर्डातली नातेवाइकांची गर्दी हटवताना जो आवाज लावतो त्याच आवाजात म्हणालो, "बोलायचंच असेल तर घरी जाऊन बोला ना!"

कुजबुज थांबली. मध्यंतरात दिवे लागले तेव्हा दिसले की मागे अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा आणि त्याची आजी बसली होती. मुलगा उठून म्हणाला, "सॉरी काका. आजीला ऐकू कमी येतं. पडद्यावर काय म्हणाले ते मी तिला सांगत होतो." आजी माझ्याकडे बघून हसल्या. मी काय बोललो ते बहुधा त्यांच्यापर्यंत पोचलेच नव्हते.

बाहेर पॉपकॉर्नच्या रांगेत बायको म्हणाली, "अहो, किती हळू बोलत होता तो. मला तर सगळे संवाद कळले." मला निम्मे कळले नव्हते.

'आता थिएटरात जाववत नाही, लोकांना रीतच उरलेली नाही,' हे वाक्य माझ्या वयाच्या माणसांच्या तोंडी वरचेवर असते. घरी मोठा टीव्ही आहे, ओटीटी आहे, हवा तेव्हा चहा आहे, हवे तिथे चित्रपट थांबवता येतो. मग तिकिटाला पैसे मोजून दुसऱ्यांचे फोन कशाला ऐकायचे? तक्रार खोटी नाही. पण त्या रविवारनंतर मी तिच्याकडे डॉक्टर म्हणून बघू लागलो आणि तिच्यात दोन वेगवेगळी दुखणी मिसळली आहेत असे लक्षात आले. एक दुखणे पुढच्या-मागच्या रांगेतले. दुसरे आपल्या कानातले.

आधी रांगेतले. अंधारात पुढच्याने मोबाइल उघडला की आपली नजर तिकडे जातेच. अशा वेळी 'तू पडद्याकडे बघ की' असे सांगणाऱ्याचा राग येतो, आणि तो यायलाच हवा. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंकूपेशी साधारण ६० लाख असतात; त्या मध्यभागी दाटलेल्या असतात. अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी मात्र १२ कोटींच्या घरात, आणि त्यांची दाटी मध्यापासून बाजूला. म्हणजे आपण पडद्यावरच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत असतो, तेव्हा खालच्या रांगेतला मोबाइल नेमका या दंडपेशींच्या टापूत चमकतो. नजरेच्या कडेला काही हलले किंवा चमकले की मान आपोआप वळते. रशियन शरीरशास्त्रज्ञ पावलॉव यांनी या प्रतिक्षिप्त क्रियेला 'हे काय आहे?' असेच नाव दिले होते. गवतात काय हलले ते न बघणाऱ्या प्राण्याला पुढची संधी मिळत नसे. इच्छाशक्तीने ही मान थांबवता येते, पण ती थांबवण्यातच लक्ष खर्च होते आणि तेवढा चित्रपट निसटतो.

इथे एक कबुली द्यायला हवी. ऑन-कॉल असताना खिशातला फोन थरथरला की मीही तो अर्धवट बाहेर काढून बघतो. आपण हात आडवा धरलाय, कोणाला काय दिसणार, असे वाटते. मागच्या सगळ्या रांगांना ते दिसते.

फोनवरच्या बोलण्याचे प्रकरण आणखी वेगळे आहे. शेजारी दोन माणसे एकमेकांशी बोलत असतील तर थोड्या वेळाने आपण त्यांना विसरू शकतो. एकच माणूस फोनवर 'हो... नाही... अगं पण... कधी?' करत असेल तर विसरता येत नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये हे तपासून पाहिले. लक्ष देऊन करायचे एक काम लोकांना दिले आणि त्या वेळी वेगवेगळी बोलणी ऐकवली. संपूर्ण संवाद किंवा एकाच माणसाचे सलग बोलणे ऐकताना काम फारसे बिघडले नाही; अर्धाच संवाद ऐकताना बिघडले. कारण मेंदू नुसता ऐकत नाही, पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधत राहतो. अर्ध्या संवादात तो अंदाज सारखा चुकतो आणि सारखा नव्याने बांधावा लागतो. 'मी थिएटरमध्ये आहे, नंतर करतो' एवढे म्हणणाऱ्याने स्वतःची दहा सेकंदे घेतलेली असतात आणि आजूबाजूच्या पंचवीस-तीस जणांची प्रत्येकी दहा.

खाण्याचा आवाज बहुतेकांना नुसता नकोसा वाटतो. काहींना मात्र तो ऐकून अक्षरशः संताप येतो, छाती धडधडते, उठून जावेसे वाटते. मिसोफोनिया या नावाने ही अवस्था ओळखली जाते. ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातील सुखबिंदर कुमार आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की अशा माणसांना चावण्याचे, श्वासाचे आवाज ऐकवले की मेंदूतला इन्सुला नावाचा भाग इतरांपेक्षा कितीतरी जास्त पेटून उठतो. शरीराच्या आतल्या जाणिवा आणि भावना यांची सांगड घालणारा हा भाग. तेव्हा घरात कोणी 'तुझ्या चावण्याचा आवाज सहन होत नाही' असे म्हणत असेल तर ते दर वेळी नखरे नसतात. अर्थात जिथे पॉपकॉर्न विकणे हाच मुख्य धंदा झाला आहे तिथे या मंडळींनी काय करावे, हे मला सांगता येत नाही.

पण सगळाच आवाज त्रासाचा असतो का? साताऱ्याकडच्या जत्रांमधले तंबूतले सिनेमे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना आठवेल, तिथे शांतता अशी नव्हतीच. पडद्याच्या दोन्ही बाजूंना माणसे बसत, पोरे रडत, शिट्ट्या पडत. १९७५ मध्ये 'जय संतोषी माँ' आला तेव्हा लोक चपला बाहेर काढून थिएटरात जात आणि पडद्यावर फुले, नाणी उधळत. २०१६ मध्ये 'सैराट'च्या वेळी 'झिंगाट' लागले की प्रेक्षक खुर्च्या सोडून नाचत होते. यातल्या एकालाही आपण बेशिस्त म्हणू, पण त्रास झाला असे म्हणणारे कमी निघतील. माझ्या मते फरक आवाजाच्या पातळीत नसून दिशेत आहे. शिट्टी मारणाऱ्याचे तोंड पडद्याकडे असते. त्याच्या शिट्टीने आपले लक्षही पडद्याकडेच ढकलले जाते. फोनवाल्याचे तोंड दुसरीकडे असते. आजीला संवाद सांगणारा तो मुलगा यात कुठे बसतो? त्याचे तोंड पडद्याकडेच होते, असे मला आता वाटते.

आता दुसरे दुखणे. बायकोच्या त्या वाक्यानंतर चार दिवसांनी आमच्याच रुग्णालयातल्या कान-नाक-घसा विभागातल्या सहकाऱ्याला म्हटले, जरा कान बघ. आधी त्याने मळ नाही ना ते पाहिले. हे नेहमी आधी बघायचे असते. मळ काढल्याबरोबर 'ऐकू येऊ लागले' म्हणणारे रुग्ण दर आठवड्याला भेटतात. मग श्रवण तपासणीच्या खोलीत बसवून आलेख काढला. कमी वारंवारतेच्या, म्हणजे खर्जातल्या आवाजांना माझे कान ठीक होते. २००० हर्ट्झपासून रेघ खाली झुकली आणि ४००० च्या पुढे चांगलीच घसरली. दोन्ही कानांत सारखीच. "वयाप्रमाणे आहे," तो म्हणाला. हे वाक्य मी स्वतः रुग्णांना शेकडो वेळा ऐकवले असेल. ऐकायला किती वाईट वाटते ते त्या दिवशी कळले.

आतल्या कानात शंखासारख्या वेटोळ्यात जन्मतः सुमारे १५ हजार केशपेशी असतात. त्या एकदा मेल्या की परत येत नाहीत. वेटोळ्याच्या तोंडापाशी असलेल्या पेशी उंच पट्टीचे आवाज ऐकतात आणि वयामुळे, गोंगाटामुळे सर्वांत आधी त्याच झिजतात. आता भाषेकडे बघा. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि दणकट असतात. क, त, प, स, श ही व्यंजने वरच्या पट्टीतली आणि दुबळी. शब्दाचा आवाज स्वर देतात, पण अर्थ ठरतो तो व्यंजनांवर. 'साप', 'ताप' आणि 'काप' यांत फरक पहिल्या व्यंजनाचाच आहे. ही व्यंजने पुसट झाली की माणूस एक ठरावीक तक्रार करतो: ऐकू येते, पण शब्द कळत नाहीत, हल्लीचे नट पुटपुटतात. शांत खोलीत समोरासमोर बोलताना हे जाणवतही नाही, कारण ओठांच्या हालचाली आणि संदर्भ यांवरून मेंदू गाळलेल्या जागा भरून काढतो. भोवती दुसरे आवाज असले की तेही जमेनासे होते.

गर्दीतून एकच आवाज वेगळा काढण्याच्या या कौशल्याला 'कॉकटेल पार्टी'चा प्रश्न असे नाव ब्रिटिश शास्त्रज्ञ कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये दिले. आपण त्याला लग्नाच्या पंगतीचा प्रश्न म्हणू. त्यासाठी दोन्ही कान धड लागतात आणि मेंदूला जास्तीची मेहनत पडते. मागची कुजबुज बायकोलाही ऐकू येत होती, पण तिला ती बाजूला ठेवता आली. मला आली नाही, आणि दोष मी मागच्या रांगेला दिला.

माझ्या ओपीडीत मधुमेह, रक्तदाब, दम्याचे रुग्ण येतात. कानासाठी कोणी येत नाही. पण सोबत आलेली सून किंवा मुलगा बोलता बोलता सांगतो, 'बाबा टीव्ही फार मोठ्याने लावतात', 'हल्ली कार्यक्रमांना येत नाहीत', 'आधी नाटकसिनेमाचे वेडे होते, आता नको म्हणतात.' बाबा म्हणतात, लोक फार दंगा करतात. त्या दंग्यामागे पुष्कळदा कानातली ही झीज असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात दीड अब्जाहून अधिक लोकांची श्रवणशक्ती कमी-अधिक उणावलेली आहे. 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत ऐकू कमी येण्याला ठळक जागा दिली आहे. ऐकू येत नाही म्हणून माणूस बैठकीतून उठतो, फोन टाळतो, हळूहळू एकटा पडतो, आणि मेंदूला खाद्य कमी मिळते. थिएटर सोडणे ही त्यातली एक पायरी असू शकते. म्हणून पन्नाशीनंतर कोणी 'थिएटरात काही कळत नाही' म्हणू लागले तर मी एकदा श्रवण तपासणी करून घ्यायला सांगतो. ज्यांना मधुमेह आहे, ज्यांनी क्षयरोगासाठी स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन यांसारखी इंजेक्शने घेतली आहेत, जे यंत्रांच्या खडखडाटात किंवा मिरवणुकीच्या डीजेपुढे ढोल वाजवत मोठे झाले, त्यांनी पन्नाशीचीही वाट बघू नये. तपासणी दुखत नाही आणि अर्ध्या तासात होते.

थिएटरच्या आवाजाविषयीही थोडे. सिनेमाचा आवाज जुळवताना सरासरी ८५ डेसिबल ही प्रमाण पातळी धरतात, आणि स्फोट वगैरेंच्या वेळी पडद्यामागच्या एकेका स्पीकरला १०५ पर्यंत जाण्याची मुभा असते. बरीच थिएटरे याहून कमी आवाज ठेवतात, काही ठेवत नाहीत. मोठ्यांना दोन-अडीच तासांनी अपाय होईलच असे नाही, पण तान्ह्या मुलाला मारधाडीच्या चित्रपटाला नेऊ नये, आणि ते रडू लागले तर ते शिस्त मोडत नसून तक्रार करत आहे असे समजावे. मध्येच उठून जाणाऱ्यांविषयीही माझे मत डॉक्टरी पेशामुळे मवाळ आहे. प्रोस्टेट वाढलेले, लघवीची गोळी घेणारे, साखर वाढलेले यांना मध्यंतरापर्यंत थांबवत नाही. त्यांनी कडेची खुर्ची घ्यावी, आणि गोळीची वेळ बदलता येईल का ते आपल्या डॉक्टरला विचारावे. खोकल्याच्या बाबतीत मात्र मी मवाळ नाही. ताप-खोकला असताना बंद, वातानुकूलित दालनात तीनशे माणसांत बसायला येऊ नये. दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल तर आधी थुंकी तपासावी, सिनेमा नंतर.

मग घरीच बघितलेले काय वाईट? प्रामाणिक उत्तर द्यायचे तर बऱ्याच बाबतींत घर चांगले. अक्षरे चालू करता येतात, आणि कमी ऐकणाऱ्याला त्यासारखी सोय नाही. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये थिएटरांसाठी श्रवणदोष आणि दृष्टिदोष असलेल्यांच्या सोयींबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली, पण ती सोय माझ्या गावातल्या पडद्यापर्यंत मी अजून पाहिलेली नाही. घरात पुढच्या रांगेतला मोबाइल नसतो. पण हातातला असतो. घरी सिनेमा बघताना मी किती वेळा फोन उचलतो ते एका संध्याकाळी बायकोने मोजले. मध्यंतरापर्यंत अकरा वेळा. त्याशिवाय दोनदा दार, एकदा दूध. थिएटरात याच्या निम्म्याने मी भांडायला उठलो असतो.

हे तुकडे पडल्याने काय जाते? इस्रायली शास्त्रज्ञ उरी हॅसन यांनी २००४ मध्ये पाच जणांना मेंदूच्या स्कॅन यंत्रात निजवून 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' हा चित्रपट दाखवला. प्रत्येक जण एकटा, वेगळ्या वेळी. तरी मेंदूच्या मोठ्या भागांतली हालचाल सगळ्यांची एकाच लयीत चढत-उतरत होती. जपानमध्ये २००९ मध्ये असाच प्रयोग 'मिस्टर बीन' दाखवून केला, तेव्हा प्रेक्षकांच्या पापण्यासुद्धा एकाच वेळी मिटत असल्याचे दिसले; जिथे काही चुकणार नाही अशा क्षणी. म्हणजे लय चित्रपटच लावतो आणि ती घरीही लागू शकते. अट एकच, सलग बघायला हवे.

पण काही गोष्टी माणसांच्या शेजाराशिवाय होत नाहीत. हसण्याचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या रॉबर्ट प्रोव्हाइन यांना आढळले की माणूस एकटा असण्यापेक्षा चारचौघांत सुमारे तीसपट जास्त हसतो. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांनी लोकांना विनोदी चित्रफिती दाखवून नंतर त्यांच्या दंडावर बर्फासारखी थंड पट्टी किंवा रक्तदाब मोजायचा पट्टा घट्ट आवळला. पोटभर हसलेल्यांनी जास्त वेळ वेदना सोसली. हसण्याने एन्डॉर्फिन ही शरीरातली वेदनाशामके स्रवत असावीत, असा त्यांचा निष्कर्ष. आणि माझा सर्वांत आवडता प्रयोग जर्मनीतल्या माइन्त्स शहरातला. तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी सिनेमागृहातून बाहेर पडणारी हवा तपासली. १६ चित्रपट, सुमारे साडेनऊ हजार प्रेक्षक, दर ३० सेकंदांनी एक मोजणी. उत्कंठेचा प्रसंग आला की सगळ्या दालनाच्या उच्छ्वासातले कार्बन डायऑक्साइड आणि आयसोप्रीनचे प्रमाण वर जाई, कारण श्वास वाढत आणि स्नायू आवळले जात. तोच चित्रपट दुसऱ्या दिवशी दुसऱ्या प्रेक्षकांना दाखवला तरी त्याच जागी तीच चढण. आपण ज्यांच्यावर डाफरतो त्यांच्याबरोबरच आपला श्वास अडकलेला असतो.

महिनाभराने पुन्हा गेलो. दोन-तृतीयांश मागे, मधली खुर्ची. आवाज साधारण तिथूनच जुळवलेला असतो आणि संवाद पडद्याच्या मधल्या स्पीकरमधून येतात. सहकाऱ्याने चाचणीसाठी दिलेली दोन छोटी यंत्रे कानांत होती. चाळिशीत चष्मा लावला तेव्हा काही वाटले नव्हते. ही लावायला मात्र तीन आठवडे चालढकल केली होती. फोन बंद करून बायकोच्या पर्समध्ये टाकला. यंत्राने उंच पट्टीचे आवाज वाढतात, त्यामुळे शेजारच्यांचे पॉपकॉर्न पूर्वीपेक्षा मोठ्याने ऐकू आले. संवादही आले, जवळजवळ सगळे. मेंदूला या आवाजांची पुन्हा सवय व्हायला काही आठवडे लागतात, असे ऑडिओलॉजिस्ट बाईंनी सांगितले आहे. पुढच्या गुरुवारी यंत्राची जुळणी पुन्हा करायची आहे, तेव्हा त्या कुरकुरीचे काही करता येते का ते विचारणार आहे.